गिझरमधून आवाज येतो तेव्हा

गेल्या वर्षी आषाढातल्या एका सकाळी फोंडा तालुक्यातील आमच्या घरून आईचा फोन आला. ‘‘गिझर लावला की पोटात वारा धरल्यासारखा गुरगुरतो. फुटायचा नाही ना?’’ ओळखीचा एक मेकॅनिक येऊन बाहेरूनच पाहून गेला होता. क्षार धरलेत, टाकी जुनी झाली, नवीन घ्या, असे त्याचे म्हणणे. शनिवारी घरी जाऊन दुसऱ्या एका जाणत्या माणसाकडून टाकी उघडून घेतली. आत पांढऱ्या क्षाराचा कणही नव्हता. सापडले ते निराळेच. आणि त्याहून काळजीची गोष्ट तर टाकीच्या बाहेर, रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. तिच्याकडे पुढे येऊ.

गिझरच्या आवाजाची तक्रार केली की बहुतेकदा दोनच उत्तरे मिळतात : ‘क्षार साचले’ किंवा ‘काही होत नाही, चालू द्या’. दोन्ही कधी खरी असतात, कधी नसतात. आवाज कसा आहे याइतकेच तो केव्हा येतो हेही महत्त्वाचे असते. नळ बंद असताना, पाणी तापत असताना येतो का? नळ सोडताना किंवा बंद करताना येतो का? लाल दिवा विझल्यावरही चालू राहतो का? ही तीन उत्तरे हाताशी असली तर मेकॅनिकशी बोलताना आपण आंधळे राहत नाही.

मुळात पाणी तापताना आवाज होणे अस्वाभाविक नाही. चुलीवर आधण ठेवले की उकळी फुटण्याच्या बरेच आधी भांडे सणसणू लागते. तळाच्या तापल्या धातूला टेकलेले पाणी आधी उकळते, त्याचे बुडबुडे सुटतात आणि वरच्या गार पाण्यात शिरताच त्यांतील वाफ पुन्हा पाणी होऊन बुडबुडे मिटतात. असे असंख्य बुडबुडे मिटण्याचा तो आवाज. सगळे पाणी उकळले की बुडबुडे न मिटता पृष्ठभागापर्यंत पोहोचतात. सणसण थांबते आणि खदखद सुरू होते. न्हाणीतल्या तांब्याच्या भाणात ही सगळी स्थित्यंतरे उघड्यावर होत. गिझरमध्ये तीच गोष्ट बंद टाकीत होते, म्हणून ती गूढ वाटते. नव्या कोऱ्या गिझरमधूनही तापताना मंद सूं सूं ऐकू येते. त्याची चिंता करू नये.

चिंता सुरू होते ती लाह्या फुटल्यासारखा तडतडाट किंवा खोल गुरगुर ऐकू येऊ लागली म्हणजे. गिझरच्या कॉइलवर काहीतरी बसले आहे, एवढे त्यावरून निश्चित सांगता येते. तो थर कॉइल आणि पाणी यांच्या मध्ये येतो. थराखाली अडकलेले थोडे पाणी पटकन उकळते, त्याची वाफ थर उचलून बाहेर पडते आणि गार पाण्यात मिटते. ताट झाकलेल्या पातेल्यात आधण आले की ताट उडते, तसाच हा प्रकार.

आता थर कशाचा, हा प्रश्न. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या सल्ल्यांत याचे उत्तर ठरलेले असते : क्षार. तेथील बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर ते बरोबरही असते. घाटावरच्या काळ्या कातळातून येणारे पाणी बहुधा जड, म्हणजे शाळेच्या पुस्तकातील ‘दुष्फेन’. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. पाणी तापले की त्यांचे न विरघळणाऱ्या कार्बोनेटात रूपांतर होते आणि ते सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे थेट कॉइलवर, जाऊन बसते. तापमान ६० अंशांच्या वर गेले की ही क्रिया जोर धरते. बेळगावच्या परिसरातील ज्या वाचकांकडे बोअरचे पाणी आहे, त्यांनी तडतडाट ऐकू आल्यास प्रथम क्षाराचाच संशय घ्यावा.

गोव्यात मात्र जरा थांबून विचार करावा लागतो. आपल्याकडे नळाला येणारे पाणी मुख्यतः नद्यांचे आणि धरणांचे आहे. ओपा प्रकल्प खांडेपार नदीवर उभा आहे, दक्षिणेला साळावली धरणाचे पाणी जाते, बार्देशला अस्नोड्याहून. हे पाणी तुलनेने मऊ असते. घरच्या विहिरी बहुतांशी जांभ्या दगडात खोदलेल्या. त्यांचे पाणीही मऊ आणि किंचित आम्लधर्मी. अशा पाण्यावर क्षाराचे जाड कवच सहसा धरत नाही. अपवाद बोअरचा आणि उन्हाळ्यात कोठून भरून आला हे ठाऊक नसलेल्या टँकरचा. किनाऱ्यालगतच्या विहिरींना वैशाखात खारटपणा येतो, पण खारट आणि जड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिठाने कवच धरण्यापेक्षा लोखंड गंजते.

पाणी जड आहे की नाही हे घरीच पुरेसे कळते. साबणाला फेस यायला वेळ लागतो, बादलीच्या कडेला साबणाची साय धरते, पाणी उकळलेल्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर राहतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरे पाणी उपलब्ध नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. म्हणजे पाणी प्यायला चालते, यावरून ते गिझरला मानवेल असे ठरत नाही. पाणी शुद्ध करणारी यंत्रे विकायला येणारे लोक जो टीडीएस मीटर ग्लासात बुडवून दाखवतात, त्यावर या बाबतीत विसंबू नये. तो विरघळलेले सगळेच मोजतो. त्यात मीठही आले.

एका समजाचाही येथे निकाल लावायला हवा. क्षार धरला की विजेचे बिल वाढते, असे सर्रास सांगितले जाते. कॉइल पाण्यात पूर्ण बुडालेली असते. तिने निर्माण केलेली उष्णता पाण्याखेरीज जाणार कोठे? ती थोडी उशिराने जाते, एवढेच. नुकसान होते ते कॉइलचे. तिची उष्णता लवकर निघून न गेल्याने ती आतून अधिक तापत राहते आणि एक दिवस जळते. पाणी तापायला नेहमीपेक्षा फार वेळ लागत असेल, तर कारण बहुधा दुसरीकडे असते. २ किलोवॉटच्या कॉइलने १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला हिशेबाने १८ ते १९ मिनिटे लागतात. व्होल्टेज २३० वरून २०० वर उतरले तर तीच कॉइल जेमतेम दीड किलोवॉटची उरते आणि तेच पाणी तापायला सुमारे २४ मिनिटे लागतात. संध्याकाळी ज्या वाड्यांवर दिवे मंदावतात, तेथे गिझरला दोष देण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

आमच्या टाकीत निघाला तो तांबडा गाळ. दोन-तीन ओंजळी. पावसाळ्यात विहीर ढवळली जाते, पंप तिची माती वरच्या टाकीत नेऊन टाकतो आणि तेथून ती गिझरच्या तळाशी येऊन बसते. उभ्या गिझरमध्ये कॉइल तळाजवळच असते. ती गाळात रुतली की परिणाम क्षारासारखाच. आवाज मात्र तडतडण्यापेक्षा गुरगुरण्याकडे झुकतो. म्हणून आईचा गिझर चैत्रात गप्प होता आणि आषाढात बोलू लागला. ज्यांच्याकडे विहिरीचे पाणी वरच्या टाकीत चढते, त्यांनी चतुर्थीच्या आधी घराची झाडलोट करताना ती टाकीही धुऊन घ्यावी. वरची टाकी गाळाने भरलेली ठेवून नुसता गिझर साफ करणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून जमीन पुसत बसणे.

गाळाबरोबर आणखी एक गोष्ट हाती आली : शिवणाच्या सुईएवढी बारीक झालेली एक तार. ती मूळची बोटाएवढी जाड मॅग्नेशियमची कांडी, म्हणजे अ‍ॅनोड रॉड. टाकीच्या पोलादाऐवजी ही कांडी स्वतः झिजते आणि टाकी वाचवते. मऊ, आम्लधर्मी पाण्यात ती झपाट्याने संपते. आपल्या भागात क्षाराची चर्चा फार होते. या कांडीचे नावही बऱ्याच घरांत कोणी ऐकलेले नसते. ती संपल्यावर गंज टाकीवर चालून येतो, गरम पाण्याला तांबूस झाक येते आणि मग खरोखरच नवा गिझर घ्यावा लागतो. वर्षा-दोन वर्षांतून एकदा ती पाहून, लागल्यास बदलून घ्यावी. नव्या टाकीच्या मानाने तिचा खर्च किरकोळ असतो.

काही आवाज गिझरच्या माथी मारले जातात, पण त्याचे नसतात. गरम नळ सोडल्यावर भिंतीतून टिक टिक ऐकू येते, ती पाइप लांबत असल्याची. सीपीव्हीसीचा तीन मीटरचा पाइप ३५ अंशांनी तापला तर सुमारे ७ मिलिमीटर वाढतो आणि वाढताना पट्ट्यांना घासतो. निरुपद्रवी. नळ झटकन बंद केला किंवा धुलाईयंत्राने पाणी तोडले की धाडकन ठोका बसतो; तो वाहते पाणी एकदम अडल्यामुळे पाइपला बसलेला धक्का. पाइप भिंतीला नीट पकडला आणि नळ सावकाश फिरवला की तो थांबतो. पाणी जाऊन परत आल्यावर नळ खोकतो, थुंकतो, ती पाइपमधली हवा. अशा वेळी मात्र एक पथ्य पाळावे : गरम पाण्याचा नळ सलग धार देऊ लागेपर्यंत गिझर लावू नये. टाकी रिकामी असताना कॉइल तापली तर काही मिनिटांत तिचे काम संपते.

आता ज्या आवाजांवर आधी बटण बंद करायचे आणि मग विचार करायचा, ते आवाज.

पहिला, विजेच्या जोडणीतून येणारी चरचर किंवा कडकड. गिझरच्या झाकणाखालून, प्लगमधून किंवा भिंतीवरच्या बटणातून ती येते. अनेकदा जोडीला जळक्या प्लास्टिकचा वास असतो. २ किलोवॉटचा गिझर साधारण ८.७ अँपिअर वीज सतत खेचतो. सैल स्क्रूवर एवढ्याने ठिणग्या पडतात आणि आग लागते. ओल्या हाताने प्लग काढायला जाऊ नये. घराच्या मुख्य बोर्डावरील एमसीबी पाडावा.

दुसरा, दिवा न विझता खदखद चालूच राहणे आणि नळ सोडताच वाफेचे फुत्कार येणे. थर्मोस्टॅटने काम सोडले आहे आणि टाकीतले पाणी खरोखर उकळते आहे, असा याचा अर्थ. येथे ‘गिझर’ या शब्दाची जन्मकथा उपयोगी पडते. आइसलँडमध्ये ‘गेसिर’ नावाचा उष्ण पाण्याचा झरा आहे. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला हे नाव दिले. त्या झऱ्याच्या नळीत खोलवर दबलेले पाणी वरच्या पाण्याच्या भारामुळे १०० अंशांच्या पुढे तापते, तरी उकळत नाही. भार किंचित हलका झाला की त्याची क्षणार्धात वाफ होते आणि कारंजे उसळते. पाण्याची वाफ होताना ते सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. कुकरमध्ये आपण हीच गोष्ट सुमारे १२० अंशांपर्यंत नेतो आणि शिट्टीवर सोडून देतो. गिझरला शिट्टी नाही. त्याच्याऐवजी एकामागे एक पहारेकरी आहेत : थर्मोस्टॅट, तो बिघडल्यास वीज तोडणारा कटआउट आणि दोन्ही फसल्यास दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. अशी खदखद ऐकू आली तर मुख्य बोर्डावरून वीज तोडावी, न्हाणीघराचे दार ओढून घ्यावे आणि टाकी आपोआप निवू द्यावी. नळ सोडून ‘वाफ काढून टाकण्याचा’ प्रयत्न मुळीच करू नये.

हे पहारेकरी बिघडतात त्याहून अधिक वेळा माणसेच त्यांना हटवतात. कटआउट पुन्हा पुन्हा पडतो म्हणून मेकॅनिक तो वगळून तार सरळ जोडतो. त्याच्या भाषेत ‘डायरेक्ट करून देतो’. पाणी छान कडक तापते, घरचे खूश होतात. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून त्याच्या तोंडावर बूच बसवले जाते. आमच्या घरी नेमके हेच झाले होते. गिझरच्या खाली, थंड पाणी आत जाते त्या पाइपवरील व्हॉल्व्हच्या नळीला पितळेचे बूच, वर टेपचे वेटोळे. न्हाणीची फरशी ओली राहते म्हणून दोन वर्षांपूर्वी कोणा प्लंबरने ते करून दिले होते आणि आम्हीच त्याला पैसे दिले होते. त्या दोन वर्षांत थर्मोस्टॅट एकदाही अडकला नाही.

ते ठिबकणे दोष नसून हिशेब आहे. पाणी तापले की फुगते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेले की सुमारे २०० मिलिलिटरने वाढते. म्हणजे चहाचे दोन कप. ते पाणी मागे परतू नये म्हणून पाइपवर एकदिशा झडप असते. तेव्हा दाब वाढल्यावर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच बाहेर येणार. तापताना थोडे ठिबकून नंतर थांबत असेल तर व्हॉल्व्ह आपले काम करतो आहे. गिझर बंद असतानाही दिवसभर धार लागली असेल, तर एक तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा पंपाचा दाब जास्त आहे. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलावा. त्याच्या नळीला रबरी नळी जोडून ती मोरीत सोडली की फरशी कोरडी राहते. मात्र त्या नळीचे दुसरे टोक नेहमी उघडे हवे.

गॅसच्या गिझरबद्दल थोडक्यात, पण आवर्जून. नळ सोडल्यावर ज्योत उशिरा, भप्प असा दणका देऊन पेटत असेल तर बर्नर किंवा ठिणगीत बिघाड आहे आणि पेटण्यापूर्वी गॅस साचतो आहे. ज्योत निळी असायला हवी. ती पिवळी दिसत असेल, वर काजळी धरत असेल तर ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोके जड होते, गुंगी येते आणि दाराची कडी काढण्याचे त्राण उरत नाही. ‘गिझरमुळे मृत्यू’ अशा बातम्या टेबलावर येतात तेव्हा मथळ्यात ‘गिझर’ एवढाच शब्द बसतो. तो गॅसचा होता हे तिसऱ्या परिच्छेदात कळते आणि वाचक विजेच्या गिझरकडे संशयाने पाहू लागतो. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात असूच नये. तो बाहेर, मोकळ्या हवेत हवा आणि पाणी तेवढे पाइपने आत यावे.

राहिला प्रश्न, घरच्याने काय करावे आणि कारागिरावर काय सोपवावे. तापमानाची कळ ५५ ते ६० अंशांवर ठेवणे, पाणी खाली न साचता वाहते ना हे पाहणे, गळतीच्या विजेसाठी बसवलेल्या आरसीसीबीचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही याची खात्री करणे, ही कामे कोणीही करावीत. चाचणीचे बटण दाबूनही तो पडत नसेल तर गिझर वापरू नये. टाकी उघडणे, कॉइल काढणे, तारांना हात लावणे ही कामे जाणत्यालाच द्यावीत आणि शक्य असेल तर समोर उभे राहून करून घ्यावीत. क्षार धरला असेल तर कॉइल बाहेर काढून व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाच्या द्रावणात बुडवून ठेवली की कवच सुटते. संडास धुण्याचे अ‍ॅसिड टाकीत ओतून ‘दहा मिनिटांत साफ’ करून देणारेही भेटतात. त्या आम्लाने क्षाराबरोबर तांबे आणि पोलादही खाल्ले जाते. काम झाल्यावर तीन गोष्टी मागून घ्याव्यात : निघालेला गाळ किंवा क्षार पाहायला मिळावा, अ‍ॅनोड रॉड हातात मिळावा, झाकणाचे रबरी वायसर नवे असावे. आणि कटआउट जोडलेला आहे ना, हे विचारायला लाजू नये.

मेकॅनिक येतो तेव्हा गिझर हमखास गप्प बसतो. म्हणून आवाज येत असताना मोबाइलवर तो टिपून ठेवावा. बटण लावल्यापासून किती मिनिटांनी सुरू झाला तेही लिहून ठेवावे. आईने माझ्या सांगण्यावरून तसे टिपले होते. त्या गुरगुरीत मागे कोंबडा आरवतो आणि ती कोणाला तरी ‘थांब रे, गिझर ऐकते’ असे सांगते.

गाळ काढला, कांडी बदलली, बूच काढून व्हॉल्व्ह नवा बसवला. टाकी तीच आहे आणि आवाज गेला आहे. मोरीत सोडलेल्या नळीतून रोज कपभर पाणी ठिबकते. आईने तिच्या तोंडाखाली तांब्या ठेवला आहे आणि ते पाणी ती दारातल्या मोगऱ्याला घालते.